कानात सांगणारी कुका

शहराच्या दक्षिण टोकाला मालिकांचा जो मोठा स्टुडिओ आहे, तिथे कुका सांदोवालनं एकतीस वर्षं बायकांना रडायला लावलं. तिचं कामच ते होतं.

तिथले नट संवाद पाठ करत नाहीत. करणार कधी? सकाळी पानं हातात पडतात, तासाभरात दिवे लागतात आणि संध्याकाळपर्यंत पंचवीस प्रसंग उरकायचे असतात. म्हणून प्रत्येकाच्या कानात एक इवलंसं यंत्र बसवतात. त्याला सगळे वाटाणा म्हणतात. वर काचेच्या खोलीत बसून कुका पानावरचं वाचायची आणि खाली उभी असलेली माणसं तेच बोलायची, अर्ध्या श्वासाच्या अंतरानं. नुसते संवाद नव्हेत, हालचालीसुद्धा. "खुर्चीला हात लाव. वळ. 'तुम्ही इथे कसे?' मागे सर. थांब. आता रड." हे सगळं ती एका सुरात सांगायची, दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त टाक म्हणून सांगावं तसं. गळा काढायचं काम नटांचं.

या धंद्यात एक गंमत होते. कानात येईल ते तोंडातून बाहेर पडतं, मध्ये डोकं कुठे लागत नाही. एकदा एका नायकाच्या बापाच्या मरणाचा प्रसंग चालला होता आणि वर कुकाला शिंक आली. खाली मरणारा बाप आणि त्याचा मुलगा दोघंही एकदम, शिंकणाऱ्याला तिथे म्हणतात तसं, म्हणाले, "देव भलं करो." तो प्रसंग तसाच दाखवला गेला आणि घरोघरी बायका रडल्या.

तर या कुकाला बायकांचे प्रकार तोंडपाठ होते. मालिकेत बाईच्या अंगाला हात लागला, की पुढे काय होणार हे तिला पान उलटण्याआधी कळायचं. नायिका असेल तर किंचाळते, मग कपड्यांसकट नळाखाली बसते आणि त्यानंतर शंभर भाग कुणाला काही सांगत नाही. खलनायिकेचं वेगळं. कॅमेरा तिच्या पावलांपासून वर चढत जातो, ती केस झटकते, हसते, पुरुषांच्या त्या नजरेवरच बंगला आणि गाडी मिळवते आणि शेवटच्या आठवड्यात त्याच गाडीत जळून मरते. मोलकरणीला मालकानं स्वयंपाकघरात धरलं तर तिला एकच वाक्य असतं, "बाईसाहेब, मी गावाला जाते." पिशवी उचलायची आणि दाराबाहेर, तिच्या नटीला तेवढ्याच दिवसापुरतं बोलावलेलं असतं. थोबाडीत मारायची मुभा फक्त आजीला, कारण आजीला कुणी हात लावत नाही.

"सांगत कशी नाही एकही?" कुकानं एकदा एका निर्मात्याला विचारलं होतं. स्टुडिओत मानानं तिला सगळे 'दोन्या', म्हणजे बाई, म्हणायचे.

"सांगितलं तर तिसाव्या भागात संपेल की सगळं, दोन्या कुका," तो हसत म्हणाला. "मग तुम्ही आणि मी काय गाडीवर तमाले विकायचे?"

कुकानं लग्न केलं नाही. पोर्तालेस भागात दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. तिथून दोन गल्ल्यांवर तिची थोरली बहीण अंपारो राहायची, खाली नवऱ्याचं रंगाचं दुकान आणि वर घर. अंपारो शिवणकाम करायची. अख्ख्या गल्लीच्या पोरींचे पंधराव्या वाढदिवसाचे झगे तिच्या हातचे. तिचा नवरा एवेलियो आता पंच्याहत्तरीला आला होता. कानानं जड, पोटानं मोठा, आणि चर्चमध्ये पहिल्या बाकावर.

रोज संध्याकाळी सातला ही तिघं मालिका बघत. सोफ्यावर एवेलियो, शेजारच्या खुर्चीत मांडीवर शिवण घेऊन अंपारो आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या स्टुलावर कुका. साखरेचे पाव आणि दालचिनी घातलेली कॉफी. पुढे काय होणार हे कुकानं फोडायचं नाही, असा ताईचा सक्त हुकूम होता. पण ताई स्वतः मात्र पडद्याशी अखंड भांडायची.

"हिला काय चटक लागली आहे का त्याच्या घरी जायची? अगं बये, दार लावून घे!"

किंवा, "हा म्हणे डॉक्टर. शर्टाची बाही बघा, बंदुकीच्या नळीसारखी शिवली आहे."

शिवणातली चूक तिच्या नजरेतून सुटायची नाही. कुठला झगा कुठल्या मालिकेतून आणून उसवून पुन्हा वापरला आहे, हे ती सांगायची आणि ते खरं असायचं.

कुकाला ही बहीण म्हणजे जीव की प्राण. आई गेल्यावर तिनंच कुकाला सांभाळलं, टायपिंगचा क्लास लावला, स्टुडिओतली नोकरी लागली तेव्हा पहिल्या दिवसाचा कोट शिवून दिला. आणि लाड तरी किती! कॉफी ओतायला उठली तरी हाक मारायची, "कुका, चल ग आत जरा." दुकानात काही द्यायला खाली जायची तर म्हणायची, "चल, तूही ये." चाळीस वर्षांत तिनं कुकाला त्या घरात एक क्षण एकटं सोडलं नव्हतं. कुकाला वाटे, माया म्हणजे याहून वेगळी काय असते?

अशा ताईला जपायचं म्हणून कुका चाळीस वर्षं गप्प राहिली होती.

गोष्ट अशी. ताईच्या थोरल्याचा बाप्तिस्मा होता. अंगणात टेबलं मांडलेली, बँड लावलेला, भर दुपारचं ऊन. कुका एकोणीस वर्षांची. ताईनं स्वतःच्या हातानं शिवलेला निळा ब्लाउज तिच्या अंगात होता. कुणीतरी तिला दुकानामागच्या खोलीतून पेले आणायला पाठवलं. एवेलियो तिच्या मागोमाग आत आला आणि त्यानं दाराला कडी घातली. बाहेर बँड चालूच होता. टर्पेंटाइनचा वास पुढे जन्मभर तिच्या नाकातून गेला नाही.

ब्लाउजची दोन बटणं तुटली होती. तिनं तो ब्लाउज धुण्याच्या पिंपात तळाशी कोंबला, ताईचा शर्ट घातला आणि पेले घेऊन अंगणात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लाउज धुवून, इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला होता. दोन्ही बटणं शिवलेली.

त्या रात्री कुका आणि आई तिथेच राहिल्या होत्या, आणि खाली आवरायला आईच होती. ताई बाळाला घेऊन वर झोपलेली. म्हणजे आईनं ब्लाउज पाहिला, आईला कळलं, आणि आईनं बटणं लावून विषय मिटवला. कुका दिवसभर आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आईनं तिला फक्त विचारलं, "जेवलीस का?" त्या दिवसापासून कुकानं आईशी कामापुरतंच बोलायचं धरलं. पुढच्या वर्षी आई वारली. कुका अंत्यविधीत रडली नाही. दर नोव्हेंबरात मेलेल्यांसाठी घरोघरी फोटो आणि नैवेद्याची मांडणी करतात, तशी तीही करायची. वडिलांचा फोटो, मावशीचा, तिला वाचायला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांचा, अगदी मेलेल्या कुत्र्याचासुद्धा. आईचा फोटो मात्र कपाटाच्या खणात पालथा.

"निदान एक पाव तरी ठेव तिला," ताई दरवर्षी म्हणायची.

"तिचं तू ठेव ताई. माझ्याच्यानं होत नाही. दगडाचं काळीज होतं तिचं."

यावर ताई सुईत दोरा ओवायला लागायची.

हे सगळं कुकानं जन्मात एकाच माणसाला सांगितलं, आणि तिथेच चुकली. मारिक्रूस ओल्वेरा मालिकेची लेखिका होती. पंचेचाळिशीची, हुशार, सिगारेट ओढणारी. नट सोडून आवाजवाल्यांशी आणि शिंप्यांशी जेवायला बसणारी लेखिका विरळाच, त्यामुळे कुकाला तिचं कौतुक होतं. एका दुपारी खानावळीत शेवयांचं सूप पुढे असताना मारिक्रूस म्हणाली, "दोन्या कुका, मला नायिकेला नळाखाली बसवायचा कंटाळा आला आहे. खरी बाई काय करते हो?"

"पेले घेऊन बाहेर येते," कुका म्हणाली.

आणि मग तिनं सगळंच सांगितलं. सूप गार झालं, वेटर दोनदा येऊन गेला. मारिक्रूसनं तिचा हात धरून ठेवला होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते वाटाण्यातून सांगून आणलेलं नव्हतं.

"हे मी लिहू?" तिनं विचारलं.

"लिही. पण एका अटीवर. पोरगी सांगेल. सगळे जेवायला बसलेले असताना, बहिणीच्या तोंडावर, त्याच्या देखत, नाव घेऊन सांगेल. तेवढं करशील?"

"आईची शपथ."

मारिसेला नावाच्या नायिकेच्या अंगावर मग कुकाचं आयुष्य चढलं. निळा ब्लाउज आला, बाप्तिस्मा आला, बहिणीचा नवरा आला. त्याचं नाव ओक्तावियो ठेवलं. टेबलावरचा प्रसंग चौऱ्याऐंशीव्या भागात होता. पांढऱ्या कागदावरची ती पानं मारिक्रूसनं दोन महिने आधीच आणून दिली. कुकानं ती घरी नेली, ओट्यापाशी उभं राहून वाचली, पुन्हा वाचली. "कप खाली ठेव. बहिणीकडे बघ. 'ताई, बाप्तिस्म्याच्या दुपारी ओक्तावियोनं माझ्यावर जबरदस्ती केली.' बसू नकोस. उभीच राहा."

तिनं मनाशी सगळं ठरवलं होतं. त्या संध्याकाळी ती नेहमीसारखी स्टुलावर बसेल. पडद्यावर पोरगी बोलेल. ताई शिवणावरून मान वर करेल, निळा ब्लाउज ओळखेल, तिच्याच हातचा तो, आणि वळून कुकाकडे बघेल. बस्स, एवढंच. पुढचं बोलायला लागणार नव्हतं. ताईला कळलं की ताई तिच्या बाजूनं उभी राहणार, याबद्दल कुकाच्या मनात तिळभर शंका नव्हती. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घालणाऱ्या बाईला स्वतःचं वाक्यही दुसऱ्याच्याच तोंडून काढता येणार होतं, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

चौऱ्याऐंशीवा भाग चित्रित व्हायचा त्या सकाळी काचेच्या खोलीत टेबलावर पिवळी पानं पडली होती. पिवळी पानं म्हणजे बदल. कुकानं चष्मा लावला. कप होता, टेबल होतं, बहीण होती. बहीण विचारते, "तुला काय झालंय मारिसेला?" आणि मारिसेला म्हणते, "काही नाही ताई, वाईट स्वप्न पडलं होतं." पुढच्या पानावर ओक्तावियो तिला जिन्यात गाठतो, गुडघ्यावर बसतो, रडतो. आणि ती त्याच्या केसांवर हात ठेवून म्हणते, "मी तुम्हांला केव्हाच माफ केलं."

कुका तडक मारिक्रूसच्या खोलीत गेली.

"हे काय आहे?"

मारिक्रूसनं सिगारेट विझवली. वर बघितलं नाही. "ओक्तावियोला किती पत्रं येतात, माहीत आहे? पोत्यानं. बायकांची. त्याला वाईट ठरवता येत नाही म्हणाले वरचे. उलट, दोघांचं जुळवायचं आहे."

"जुळवायचं? आणि बहीण?"

"बहिणीला एकशे दहाव्या भागात अपघात होतो."

कुकाला हसूच आलं. असं हसू, की मारिक्रूसनं दचकून वर पाहिलं.

"शपथ घेतली होतीस पोरी. आईची."

"दोन्या कुका, माझ्या घरी दोन मुलं आहेत. मी नाही लिहिलं तर दुसरा कुणीतरी लिहील, आणि तो तुमची बटणंसुद्धा ठेवणार नाही. मी बटणं ठेवली आहेत. आई बटणं शिवते तो प्रसंग आहे तसाच आहे. फार सुंदर होणार आहे तो."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. सगळं घेतलं होतं तिनं, ब्लाउज घेतला, बँड घेतला, आईसुद्धा घेतली. ज्याच्यासाठी कुकानं हे सगळं दिलं, तेवढं एकच वाक्य तिनं परत केलं होतं.

खाली दिवे लागले. मारिसेलाचं काम करणारी यारेत्सी तेवीस वर्षांची होती, गुणी पोर, कुकाला "आजी" म्हणायची. दिग्दर्शक उर्बीनानं "चालू" म्हटलं. कुकाच्या समोर पिवळं पान होतं. "कप खाली ठेव," ती म्हणाली. यारेत्सीनं ठेवला. "बहिणीकडे बघ." तिनं बघितलं. आणि मग कुकाच्या तोंडून पांढऱ्या पानावरचं वाक्य आलं. तिनं ठरवून म्हटलं की दोन महिने पाठ झालेलं आपोआप बाहेर पडलं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

यारेत्सीचं तोंड हललं. "ताई, बाप्तिस्म्याच्या दुपारी ओक्तावियोनं माझ्यावर…"

बहिणीचं काम करणारी बाई खरोखर पांढरी पडली होती. एका क्षणापुरतं सगळं जिथल्या तिथे उभं होतं, आणि कुकाला वाटलं, आता. आता बोलेल.

यारेत्सीनं कानातला वाटाणा काढला.

"आजीनं जुनं पान वाचलं वाटतं," ती वर काचेकडे बघत, माफी मागितल्यासारखी म्हणाली. "मला पिवळं दिलंय."

ओक्तावियोचा नट खो खो हसला. "दोन्या कुका म्हाताऱ्या झाल्या राव! मला तुरुंगात घालताहेत की काय?"

सगळे हसले. उर्बीनाही हसला. "पिवळी पानं, कुका. पिवळी. परत घेऊ."

नोकरीची दोन वर्षं राहिली होती. शिवाय कुका रडकी बाई नव्हती. तिनं पिवळं पान सरळ केलं आणि त्याच सपाट सुरात वाचलं. "'काही नाही ताई, वाईट स्वप्न पडलं होतं.' हस. थोडंसंच." मग जिन्याचा प्रसंग. "केसांवर हात ठेव. 'मी तुम्हांला केव्हाच माफ केलं.' डोळे मिट." एकदाच घ्यावा लागला तो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पंधरा दिवसांनी तो भाग लागला. कुका जाणारच नव्हती. पण ताईचा फोन आला, "साखरेचे कोंचा पाव आणलेत, ताजे, ये लवकर." मग गेली. स्टुलावर बसली.

टेबलाचा प्रसंग झाला. ताईनं मान वरही केली नाही. ब्लाउज तर यारेत्सीच्या अंगात होताच, निळाधमक. पण ताई हेम घालत राहिली. कुकाला वाटलं, बरं झालं, नाही ओळखला. जिन्यात ओक्तावियो रडला, केसांवर हात ठेवला गेला, व्हायोलिनं वाजली.

"मनानं मोठी आहे पोरगी," एवेलियो म्हणाला आणि पाव कॉफीत बुडवला.

मग आठवणीचा प्रसंग आला, मारिक्रूसनं शाबूत ठेवलेला. खिडकीपाशी म्हातारी आई, मांडीवर निळा ब्लाउज, ओठांत दोरा. सुई वर जाते, खाली येते. आईच्या गालावरून पाणी ओघळतं. दोरा पांढरा होता, कॅमेऱ्याला नीट दिसावा म्हणून.

"पांढरा?" ताई फटकन म्हणाली, नेहमीसारखी, पडद्याशी भांडत. "पांढरा दोरा होता कुठे घरात? बाळाच्या झबल्यालाच संपला होता सगळा. काळ्यानं शिवली होती मी, आतून गाठ मारून, दिसू नये म्हणून…"

सुई तिच्या हातात तशीच राहिली.

जाहिरात लागली. साबणाची. कुकानं ताईकडे पाहिलं. ताई पडद्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा हळूहळू राखेसारखा होत गेला. कुकाच्या डोक्यात एकेक गोष्ट आपल्या जागी जाऊन बसायला लागली. आतून मारलेली काळी गाठ तिनं कितीदा बोटानं चाचपली होती. सोफ्यावर ये असं न म्हणणारी ताई. कॉफी ओतायला जाताना हाक मारणारी ताई. ती माया नव्हती. तो पहारा होता. कुणाला जपायला, कुकाला की नवऱ्याला, ते आता देव जाणे.

"तू शिवलीस," कुका म्हणाली.

"कुका, हळू बोल."

"तू शिवलीस बटणं. आई नव्हती."

"आईला काही माहीत नव्हतं ग," ताई कुजबुजली. "पिंपात मला सापडला. मी काय करणार होते? मांडीवर दोन महिन्यांचं पोर होतं. कुठे जाणार होते मी?"

हे कुकाला समजलं. खरं सांगायचं तर हे ती त्या क्षणी माफही करून बसली असती. तिच्या जागी पिशवी घेऊन दाराबाहेर पडणं मालिकेतच जमतं. पण तिच्या मनात दुसरंच उभं राहिलं होतं.

"मी चाळीस वर्षं आईवर… ती मेली तेव्हा मी तिच्या जवळसुद्धा गेले नाही. तू बघत होतीस. दर नोव्हेंबरात तू बघत होतीस ताई."

ताईनं डोळे पुसले. आणि मग ती जे बोलली ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं. "तुला कुणावर तरी राग धरायचाच होता. म्हटलं, ती तर मेलेली आहे. तिला काय फरक पडतो?"

कुकाचा आवाज आला तो नेहमीचा, वर बसून दुसऱ्याला सांगायचा. त्याच आवाजात ती म्हणाली, "सुई खाली ठेव. त्याच्याकडे वळ. म्हण, 'मला माहीत होतं.' एवढंच वाक्य आहे. म्हण."

ताईच्या हातातली सुई खाली आली नाही.

"म्हण ताई."

एवेलियोनं कानामागे हात धरला. "काय चाललंय तुमचं कुजबुज कुजबुज? लागलं बघा परत. आवाज वाढवा जरा, काही ऐकू येत नाही."

अंपारो उठली. शिवण खुर्चीवर ठेवलं, टीव्हीपाशी गेली आणि आवाज वाढवला. मग तिथेच, दोघांकडे पाठ करून, बटणावर बोट ठेवून उभी राहिली. व्हायोलिनं इतकी मोठ्यानं वाजायला लागली, की खाली गल्लीत ऐकू गेली असतील.

कुकानं कप विसळून ठेवला. इतक्या वर्षांत त्या स्वयंपाकघरात ती पहिल्यांदाच एकटी होती. पर्स घेतली आणि जिना उतरून, बंद दुकानावरून, टर्पेंटाइनच्या वासातून घरी आली.

दिवा लावून तिनं कपाटाचा खण उघडला. आईचा फोटो पालथा होता तसाच होता. मागच्या पुठ्ठ्याला बुरशी धरली होती. तिनं तो बाहीनं पुसला आणि जेवायच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. आई कॅमेऱ्याकडे जरा भांबावल्यासारखी बघत होती, काय झालं ते कुणी सांगेल का, अशी.

कुका खुर्चीवर बसली नाही. उभीच राहिली.

"आई, बाप्तिस्म्याच्या दुपारी एवेलियोनं माझ्यावर जबरदस्ती केली," ती म्हणाली. "तू मला जेवलीस का विचारलंस, तेव्हा मी तुला सांगायला हवं होतं."

मेलेल्यांना नोव्हेंबरात जेवू घालतात, आणि हा जून चालला होता. तरी कुकानं दूध तापवलं, त्यात चॉकलेट घोटलं, घरात होता तो एकच पाव बशीत घेतला आणि आईपुढे ठेवला.